डिसेंबरात दंडारी दाखवणाऱ्या आयोजकापासून सावध राहा

मागच्या डिसेंबरात आम्ही लातूरचे पाच जण किनवटच्या डोंगरात गेलो, ते एका सहल-आयोजकाच्या भरवशावर. गोंड आणि कोलाम वस्तीत दोन रात्री मुक्काम, पैनगंगा अभयारण्यात फेरी, रात्री दंडारी हा गोंडांचा पारंपरिक नाच आणि जमलेल्या पैशांतला निम्मा वाटा गावाला, असे त्याने सांगितले होते. माणशी ३,५०० प्रमाणे १७,५०० रुपये मी त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवले. पावती मागितली, तेव्हा त्याने अभयारण्याची म्हणून एक प्रवेशपावती मोबाइलवर पाठवली.

किनवट स्थानकावर जीप आली नाही आणि त्याचा फोनही लागेना. आम्ही भाड्याची गाडी करून अभयारण्याच्या नाक्यावर गेलो, तर ती पावती वनविभागाची नसल्याचे वनरक्षकाने सांगितले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीवाचून अभयारण्यात शिरणे हा गुन्हा आहे. त्या कागदाच्या जोरावर आम्ही आत गेलो असतो, तर पैसे मोजून आरोपी झालो असतो.

खरी फसवणूक कळली ती गावात. जाहिरातीतल्या छायाचित्रावरून विचारत आम्ही ज्या वस्तीत पोहोचलो, तेथे त्या आयोजकाला कोणी ओळखत नव्हते. ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध गोंड गृहस्थांनी आम्हाला आधी पाणी दिले आणि मग म्हणाले, “दंडारी दिवाळीत असते. दिवाळी सरली की मोरपिसांचे टोप उतरतात. आता कुठली दंडारी?” अंगाला राख फासून, मोरपिसांचा टोप घालून निघणारे गुसाडी, म्हणजे दंडारीतले नर्तक, हे देवाचे काम म्हणून नाचतात आणि त्यांचा मेळा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. पैसे दिले म्हणून कोणत्याही महिन्यात तो नाच उभा राहत नाही, एवढे मी आधी विचारून घेतले असते, तर जाहिरातीतला खोटेपणा घरबसल्या उघड झाला असता.

कोलाम ही केंद्र सरकारने महाराष्ट्रात विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन जमातींपैकी एक आहे. त्यांच्या घरांची छायाचित्रे त्यांना न विचारता आमच्यासारख्यांना विकली गेली, याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते.

तेथे जायचे असेल, तर मुक्कामाबद्दल आधी ग्रामपंचायतीत विचारावे, प्रवेशशुल्क वनविभागाकडेच भरावे आणि कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर आगाऊ रक्कम पाठवू नये. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी; मी तीन दिवसांनी केली, तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. त्या वस्तीचे छायाचित्र अजूनही त्याच्या जाहिरातीत आहे, आणि ते मी सरपंचांना पाठवले आहे.