पाव चौरस मीटरची घडीची क्वाड्रॅट चौकट: वापरानंतरचा अभिप्राय

गोगलगायी, शंख, खडकाला चिकटलेले बार्नॅकल अशा संथ किंवा एकाच जागी राहणाऱ्या प्राण्यांच्या मोजणीसाठी घेतलेल्या, जागेवर ठेवून आतले प्राणी मोजायच्या या चौकटीची बाजू 50 सेंटिमीटर असून, आत ताणलेल्या दोऱ्यांमुळे तिचे 10 सेंटिमीटरचे 25 चौकोन होतात.

तिचे मोल या दोऱ्यांतच आहे. घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती प्राणी आहेत, हे रिकाम्या चौकटीनेही काढता येते. प्राणी कसे विखुरले आहेत, हे मात्र चौकोनागणिक नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही. पाच चौकोनांत 4, 4, 3, 5, 4 प्राणी मिळाले काय किंवा 0, 0, 1, 9, 10 मिळाले काय, सरासरी 4च येते; परंतु प्रचरणाला (व्हेरियन्सला, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाला) सरासरीने भागल्यास पहिल्या ठिकाणी 0.125 आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे 6.4 हे गुणोत्तर मिळते. ते 1च्या आसपास असेल तर मांडणी यादृच्छिक, बरेच कमी असेल तर समान अंतराची आणि बरेच जास्त असेल तर पुंजक्यांची मानतात. (निष्कर्षासाठी पाच चौकोन अर्थातच अपुरे आहेत.) मात्र दोन भरलेले चौकोन शेजारी होते की दोन टोकांना, हे या गुणोत्तराला समजत नाही, म्हणून चौकोनाचा क्रमांकही लिहून ठेवावा.

माझी मुख्य तक्रार 25 या संख्येविषयी आहे. चौकोनाचा आकार बदलला की उत्तरही बदलू शकते, त्यामुळे लगतचे चार चौकोन एकत्र करून तेच गणित पुन्हा करावे लागते. पाच ओळींच्या जाळीत मात्र एक ओळ आणि एक स्तंभ उरतो. चार ओळींची जाळी दिली असती तर ही अडचण आलीच नसती.

सोबतच्या पत्रकात चौकट न पाहता मागे फेकावी असे सुचवले आहे, ते मुळीच मानू नये. फेकणाऱ्याचा हात सोयीच्या जागेकडेच वळतो. यादृच्छिक अंकांवरून जागा ठरवावी आणि रेषेवर बसलेला प्राणी कोणत्या दोन बाजूंना मोजायचा, हे आधीच ठरवून ठेवावे.

सांधे सैल पडले की चौकट तिरपी होते, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही कर्ण 70.7 सेंटिमीटर भरतात का, हे टेपने पाहावे. कोन 80 अंशांवर आला तर क्षेत्रफळ दीड टक्क्याने घटते, जे चालवून घेता येईल. परंतु भिजल्यावर ढिल्या पडणाऱ्या दोऱ्या अधिक त्रास देतात, कारण त्यांमुळे प्राणी शेजारच्या चौकोनात मोजला जातो.

चाहूल लागताच पळणाऱ्या प्राण्यांसाठी ही चौकट घेऊ नये.