जुन्या गाडीसाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

भारतात ओबीडी-२, म्हणजे इंजिनातील बिघाड स्वतः ओळखून त्याचा कोड साठवणारी प्रणाली, एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. माझी पेट्रोल हॅचबॅक २०१२ सालची असल्याने ईएलएम३२७ या चिपच्या धर्तीचे, गाडीच्या पोर्टला लावून फोनवर हे कोड दाखवणारे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर तिला चालेल की नाही, अशी शंका होती. ते चालते, पण सावकाश. गाडी जुन्या केडब्ल्यूपी प्रोटोकॉलची (गाडीच्या संगणकाशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीची) असल्यामुळे अ‍ॅपवर एकाच वेळी अनेक आकडे मागितले की वाचन अडखळते. या नावाने विकली जाणारी बरीचशी अडॅप्टर नकली चिपवर बनलेली असतात आणि त्यांपैकी काहींत जुने प्रोटोकॉल नीट चालत नाहीत, म्हणून परतीची मुदत संपण्यापूर्वीच ते गाडीला लावून पाहावे.

पहिला कोड मिळाला तो पी०१३५, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमधील बिघाड. गॅरेजमध्ये सरळ सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला होता. परंतु सर्किट म्हटले की त्यात फ्यूज, वायर आणि कनेक्टरही आले. फ्यूज ठीक होता. कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने मोजल्यावर हीटरचा रोध काही ओहम भरला, म्हणजे हीटर जळालेला नव्हता. अखेर एक्झॉस्टला टेकून आवरण वितळलेली वायर सापडली. ती जोडून, उष्णतारोधक स्लीव्ह घालून दूर बांधली आणि मगच कोड पुसला. तो पुन्हा आलेला नाही.

दुसरा कोड, पी०१७१, अधिक किचकट निघाला. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच तो सांगतो. यावर सर्वत्र आढळणारा ‘एअर फ्लो सेन्सर स्वच्छ करा’ हा सल्ला माझ्या उपयोगाचा नव्हता, कारण आपल्याकडील अनेक लहान पेट्रोल गाड्यांप्रमाणे हिलाही तो सेन्सर नाही, इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. येथे उपयोगी पडला तो फ्युएल ट्रिमचा, म्हणजे मिश्रण सुधारण्यासाठी गाडीचा संगणक पेट्रोल किती वाढवतो वा घटवतो याचा आकडा: आयडलिंगला तो बराच वर असे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून आरपीएम वाढवल्यावर खाली येई. पेट्रोलचा दाब कमी असता तर भार वाढताच तो उलट चढला असता. त्यामुळे फ्युएल पंपाकडे न वळता आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासून घेतले. ते गळतच होते. तेथून आत खेचल्या जाणाऱ्या हवेमुळे ऑक्सिजन सेन्सरची दिशाभूल होत होती.

कोड पुसण्याचे बटण मात्र जपून वापरावे. त्यासोबत बिघाडाच्या क्षणी साठवलेली फ्रीझ फ्रेमची नोंदही पुसली जाते, आणि ती पाहिल्याशिवाय तपास आंधळा होतो. मी आता आधी स्क्रीनशॉट घेतो. विक्रेता गाडी दाखवत असताना इंजिनाचा इशारा देणारा दिवा बंद असला तरी अ‍ॅपवर मॉनिटर (गाडी स्वतः करते त्या चाचण्या) अपूर्ण दिसले, तर कोड नुकताच पुसला असण्याची शक्यता असते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

उणिवाही आहेत. माझ्या गाडीतील एबीएस आणि एअरबॅगचे कोड ते वाचत नाही. साधे ब्लूटूथ अडॅप्टर आयफोनला जोडता येत नाही. शिवाय पोर्टच्या १६ व्या पिनला बॅटरीचा पुरवठा सतत असल्याने, गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर ते काढून ठेवावे लागते.