टिळकवाडीतला गिटार क्लास, पेटीवाल्याच्या कानानं

महिन्याभरात पोरानं वाढदिवसाला एक गाणं वाजवून दाखवावं असा हिशोब असेल, तर हा क्लास तुमच्यासाठी नाही. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका घराच्या माडीवर सर शिकवतात. बोर्ड नाही, जाहिरात नाही. नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून टाकत नाही. त्या गल्लीत विचारलात तर कोणीही जिना दाखवेल.

मी वडगावचा. घरचे यंत्रमाग आहेत आणि भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलीला सोडायला जायचो, बाहेर बसून ऐकायचो, शेवटी माझंही नाव घातलं. सर कॅम्पातले, मूळचे गोव्याकडचे. मराठी, कोकणी, कन्नड सगळं एकाच वाक्यात येतं. पण स्वर सारेगमच्या भाषेत सांगतात, त्यामुळे मराठी आणि कानडी मुलं एकाच चटईवर बसून शिकतात.

सुरुवातीला ट्यूनरचं अॅप बंद. सहाव्या तारेला पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांपैकी पाचव्यात) दाबायचं, खुली पाचवी तार छेडायची आणि दोन्ही जुळेपर्यंत ऐकायचं. एक तार ११० हर्ट्झ आणि दुसरी ११२ असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. जुळत आली की हेलकावा मंदावतो आणि मग थांबतो. मला हे लगेच पटलं. दहा माग धडधडत असताना एकाचा धागा तुटला तर मला आवाजावरनं कळतं, तसंच आहे हे.

खरी मजा दुसऱ्या तारेला. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबून दुसरी मिळवायची, म्हणजे दोन खुल्या तारांत सा-ग चं अंतर. सरांनी कोपऱ्यातला मिरजेचा तानपुरा छेडला. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ऐकवला आणि म्हणाले, "आता दुसरी तार अशीच गोड लावा बघू." लावली. 'जी' कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरांचा गुच्छ, लोण्यासारखी. मग 'ई' कॉर्ड धरायला लावली, तर तीच तार पंचम म्हणून उतरलेली, कान किटले! गिटारचा गांधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बसवलेला असतो, तानपुऱ्याचा साधारण ३८६ वर. हा चौदा सेंटचा चढेपणा पेटीतही आहे. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, तेव्हा तिच्या बांधील स्वरांवरचा आक्षेप हेही एक कारण होतं. इतकी वर्षं पेटी वाजवतोय, पण हा फरक असा हातानं कोणी दाखवला नव्हता.

कान तयार करायची रीत साधी आहे. सर सा, म, प, सा अशा कॉर्ड वाजवून षड्ज कानात बसवतात, मग एकच स्वर छेडतात. कोणता ते सांगायचं, आणि सांगायच्या आधी गाऊन दाखवायचं. "आधी म्हणा की ओ, मग वाजवा." यात आम्ही भजनी माणसं मुलांच्या पुढं. कॉर्ड उलटी केली, गांधार खाली आणि सा वर, की मात्र मुलं आमच्या पुढं.

थिअरीला वेगळा तास नाही, ती हातातनं येते. सी मेजर आणि ए मायनर पेंटाटॉनिकचे (पाच स्वरांच्या सप्तकाचे) स्वर एकच कसे, हे भूपाच्या मूर्च्छनेनं सांगितलं: भूपातला धैवत सा धरला की धानी होतो. आमच्या बुवांची पट्टी काळी एक. कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, बोटं सी कॉर्डची, काम झालं. बुवांचा घसा बसला असेल त्या दिवशी कापो काढायचा, पांढरी एक.

एका बाबतीत आमचं जमत नाही. सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे या तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर येतात, म्हणून सर कुठल्याही अभंगाखाली त्या घालतात. भूपात मध्यम नसतोच, त्यामुळे भूपातल्या अभंगाखाली मध्यमाची कॉर्ड आली की मला भूप दिसेनासा होतो. सर हसतात आणि वाजवत राहतात.

हाताचं तंत्र नीट शिकवतात. एफचा बारे (तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबणं) आधी पाचव्या फ्रेटवर करून घेतात, कारण नटजवळ, म्हणजे मानेच्या टोकाला, तार जास्त ताठ लागते. तर्जनी जराशी कडेवर, अंगठा मानेच्या मागं. उजव्या हाताकडे मात्र दुर्लक्ष. स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरनं तालात हात फिरवणं, "येईल हो आपोआप" वर सोडलंय. केरवा-दादऱ्याची सवय असलेल्याला येतंही, पण माझ्या मुलीला अजून अडखळायला होतं. रविवारच्या बॅचला खानापूरकडची मुलंही येतात, मग कोपरं एकमेकांना लागतात. जमल्यास आठवड्यातली संध्याकाळ घ्या.

फी महिन्याला १२०० रुपये, बाप-लेकीला सूट नाही, विचारून बघितलं. सर गिटार विकत नाहीत, पण कोणी नवी आणली तर बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते तपासून देतात. जाड तार तीन मिलिमीटरच्या वर असेल तर परत करायला सांगतात, म्हणून दुकानातनं पावती घेऊन ठेवा.