महिन्याला एक लाख वाचक, १८ हजारांत

सहा वर्षं मी माझ्या वेबसाइटवर मराठी सिनेमांची परीक्षणं लिहितोय. शुक्रवारी सांगलीत पहिला खेळ बघायचा आणि रात्री झोपायच्या आत परीक्षण टाकायचं, हा शिरस्ता. घाई करावीच लागते. मराठी सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात कितीदा दुपारचा एखादाच खेळ उरतो, मग सोमवारी लिहून उपयोग कुणाला? दिवसाला दोन-अडीचशे लोक वाचायचे. शंभर डॉलर साठल्याशिवाय गुगल जाहिरातींचे पैसे पाठवत नाही, आणि माझे पहिले शंभर भरायला चौदा महिने लागले होते.

गेल्या जूनमध्ये व्हॉट्सॲपवर एकाचा मेसेज आला, मराठीत आणि अदबीनं. माझं एक परीक्षण त्यानं खरंच वाचलं होतं. त्यातल्या ध्वनीबद्दलच्या परिच्छेदाचं नेमकं कौतुक केलं, तिथेच मी विरघळलो. "सर, तुमचं लिखाण लोकांपर्यंत पोचत नाही, एवढंच दुखणं आहे. महिन्याला एक लाख व्ह्यूज देतो." भाव १८ हजार, निम्मे आगाऊ. एसईओच्या, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामासाठी म्हणून साइटचा ॲडमिन पासवर्ड मागितला आणि मी तो दिला. गेलेल्या पैशांपेक्षा मला ही चूक जास्त सलते.

दहाव्या दिवसापासून आकडे चढू लागले. दिवसाला चार हजार, मग सात हजार. उरलेले नऊ हजारही मी पाठवून दिले. वाचक कुठून आले, किती थांबले ते दाखवणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये आत शिरून पाहिलंच नाही, नाहीतर सगळं तिथे समोर होतं. हजार शब्दांचं परीक्षण आणि पानावर थांबण्याचा सरासरी वेळ दोन सेकंद! शहरांच्या यादीत पुणे, मुंबई, कोल्हापूर खाली गेलेली आणि सगळ्यांत वर ॲशबर्न. अमेरिकेत व्हर्जिनियामधलं हे ठिकाण डेटा सेंटरांसाठी ओळखलं जातं. तिथून कुणी मराठी परीक्षण वाचत नव्हतं. सर्व्हरवर चालवलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, पानं उघडून मिटत होते, आणि जाहिरातींवर क्लिकही करत होते.

ऑगस्टमध्ये ईमेल आला: अवैध ट्रॅफिकमुळे ॲडसेन्स, म्हणजे गुगल जाहिरातींचं खातं बंद. साठलेले ६१ डॉलर गेले. अपील केलं, तेही फेटाळलं. त्या माणसाला फोन लावला तर नंबर बंद.

एवढ्यावर भागलं नाही. गणपतीच्या दिवसांत एका जुन्या वाचकांचा फोन आला. निवृत्त शिक्षक आहेत, माझं परीक्षण वाचूनच तिकीट काढतात. म्हणाले, "अहो, तुमचं नाव शोधलं तर जुगाराचं पान उघडतंय. नातू शेजारी बसला होता." मला काय बोलावं सुचेना. गुगलमध्ये साइट, कोलन आणि आपल्या साइटचा पत्ता असं टाकून शोधलं, तर माझ्याच पत्त्यावर बेटिंगची चारशेच्या वर पानं निघाली. साइट नेहमीसारखी उघडली की त्यांतलं एकही दिसत नसे. माझी साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या युजर यादीत आणखी एक ॲडमिन होता, मी कधीच न केलेला. नुसता पासवर्ड बदलून तो गेला नसता.

सगळं साफ करायला तीन आठवडे लागले, गुगलच्या सर्च कन्सोलमधून ती पानं शोधातून काढायला आणखी दोन महिने. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रारही नोंदवली, पण पैसे देऊन तोवर अडीच महिने झाले होते. फसवणूक झाली त्याच दिवशी कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझी तोवर काढून झाली होती.

तुम्हालाही असा मेसेज येईल, कारण नव्यानं लिहिणाऱ्यांना ही माणसं हुडकून काढतात. वाचक कुठून आणणार ते आधी विचारा. गुगलवरून, फेसबुकवरून की आणखी कुठून? आकड्याची हमी देणाऱ्याला एक रुपया देऊ नका, कारण खऱ्या वाचकांची हमी कुणालाच देता येत नाही. कुणाला साइटवर काम द्यायचंच असेल, तर वेगळं खातं उघडून कमीत कमी अधिकार द्या आणि काम संपलं की ते काढून टाका. आज जाऊन आपली युजर यादी एकदा उघडा.

माझ्याकडे आता रोज दीडशे लोक येतात. त्या शिक्षकांना मी स्वतः फोन करून सांगितलं की साइट स्वच्छ झालीय. त्यांनी शुक्रवारचा सिनेमा कसा आहे ते विचारलं.