दिवेआगर–श्रीवर्धन की आंजर्ले–केळशी? सायकल न्यायची तर कुठे

दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे सुरूचं बन, त्यामुळे फोटो बघून काही ठरणार नाही. चढ किती झेपतील आणि वाळूत किती शिरायचंय ते बघा.

दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता म्हणजे बराच वेळ उजव्या हाताला समुद्र, मधेमधे बारके चढ, घरची मंडळी बरोबर असली तरी कुणी कुरकुर करणार नाही. पण बन म्हणाल तर 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इकडची झाडं खूप पडली. जेवणाखाण्याची, राहण्याची सोय मात्र भरपूर, शनिवार-रविवारी गाड्याही तेवढ्याच.

आंजर्ले–केळशीला दम लागतो. आडे सोडलं की उटंबरचा चढ, आणि चढापेक्षा उतार बेकार, ब्रेक आधी तपासून घ्या. पण खाली केळशीत भारजा खाडीच्या तोंडाशी वाळूचं जे टेकाड आहे ना, तसलं दिवेआगरला शोधून सापडणार नाही. टेकाडावर मात्र सायकल चढवू नका, वाळू ढासळते, लांबून बघा. सुरूच्या बनात जिथे सुयांचा थर जाड असतो तिथे चाक धरतं, थर संपून कोरडी वाळू लागली की पुढचं चाक रुतलंच, उतरून ढकला. बारीक टायरची रोडबाईक इथे नकोच, हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची माउंटन बाईक) आणा.

किनाऱ्यावरून चालवायची तर ओहोटीलाच, ओल्या घट्ट वाळूवर. वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. मग अष्टमीला भर उन्हात निघावं लागणार, त्यापेक्षा अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे जा, सकाळीच पाणी लांब गेलेलं असतं. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत आंजर्ल्याच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, तेव्हा त्या पट्ट्यात सायकल घालू नका प्लीज.

माझं विचाराल तर पहिल्यांदा जाताय, पोरं बरोबर आहेत, तर दिवेआगर. एकटे किंवा दोघं-तिघं सवयीचे असाल तर डोळे झाकून केळशी. आणि कुठेही गेलात तरी संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुऊन चेनला तेल द्या, खारं पाणी रात्रभर राहिलं की गंज धरतो.