पानशेतच्या घराचे फोटो: मोबाइल की कॅमेरा?

पानशेतकडचं घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी मोबाइलची बाजू. खिडकीबाहेरचं पाणी आणि आतली अंधारी भिंत एकाच फोटोत आणणं नव्या मोबाइलला चुटकीसरशी जमतं. कॅमेऱ्यावर त्यासाठी ट्रायपॉड लावा, कमी-जास्त एक्स्पोजरचे (म्हणजे कमी-जास्त उजेडाचे) तीन फोटो घ्या, मग लॅपटॉपवर जोडत बसा. बाथरूममध्ये तर ट्रायपॉडचे पाय पसरायलाच जागा नसते. तिथे मोबाइलच.

माझं घोडं अडलं ते मोबाइलच्या ०.५ वर, म्हणजे नेहमीच्या १ एक्सपेक्षा जास्त पसारा टिपणाऱ्या वाइड लेन्सवर. बेडरूम दहा बाय बाराची. १ एक्सला पाठ भिंतीला टेकवली तरी पलंग अर्धाच येतो. ०.५ ला सगळं मावतं, पण कडेची खुर्ची ताणून लांबुडकी होते, आणि आमचा बेताचा हॉल फोटोत मंगल कार्यालय वाटायला लागला. पाहुणे बूट काढता काढताच म्हणायचे, "फोटोत केवढा मोठा दिसला होता हो!" हसून म्हणायचे, पण रिव्ह्यूमध्ये ते वाक्य बरोबर उतरायचं.

बहुतेक मोबाइलमध्ये ०.५ म्हणजे साधारण १३ मिमीची लेन्स आणि १ एक्स म्हणजे २४ च्या आसपास (आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावतं). लहान खोलीला लागतं मधलं, १६ ते २०. मोबाइलवर तिथे जायचं तर ०.५ चाच फोटो कापला जातो, आणि कमी उजेडात पडद्याचं विणकाम पार पुसट होतं. भाड्याच्या वाइड लेन्सवर (फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर म्हणतोय) मी १८ ला थांबतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर, लेव्हल बघून, म्हणजे भिंती कलत नाहीत. खोली आहे तेवढीच दिसते. त्यामुळे बुकिंग घटेल अशी धाकधूक होती, पण निदान माझ्याकडे तरी तसं झालं नाही. "फोटोत मोठा होता" मात्र बंद झालं.

अर्थात तुमच्याकडे मागे सरकायला ऐसपैस जागा असेल, तर मोबाइलचा १ एक्स पुरे. उगाच खर्चात पडू नका. नसेल, तर पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. फक्त मधला वार गाठा. शनिवार-रविवारी घरात पाहुणे असतात, आणि खडकवासला चौपाटीच्या गर्दीत सकाळचा उजेड गाडीतच संपतो.