फ्लोरा मालिकेच्या तीन बाटल्या: गुणोत्तर तक्त्यातलं, मात्रा मीटरवरून

घरच्या हायड्रोपोनिक्ससाठी, म्हणजे मातीविना पाण्यात झाडं वाढवण्यासाठी, तयार पोषणद्रावण शोधायला लागलं की जनरल हायड्रोपोनिक्सची फ्लोरा मालिका हमखास समोर येते. कॅलिफोर्नियातली ही कंपनी १९७६ पासूनची आहे. संचात तीन बाटल्या: फ्लोराग्रो, फ्लोरामायक्रो आणि फ्लोराब्लूम. सोबत कोणत्या टप्प्यात किती घालायचं याचा तक्ता. आमचं मत आधीच सांगतो. बाटल्यांमधला माल उत्तम आहे, तक्त्यातली गुणोत्तरंही कामाची आहेत, पण तक्त्यातली मात्रा पुणे-नाशिक-नागपूरच्या गच्चीवर जशीच्या तशी चालत नाही. ती का चालत नाही आणि काय करायचं, हेच या परीक्षणात बघू.

लेबलवरचे आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने वाचायचे. ग्रो २-१-६, मायक्रो ५-०-१, ब्लूम ०-५-४. मायक्रोमध्ये नत्राबरोबर ५ टक्के कॅल्शियम आणि सगळी सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत. ग्रोमध्ये अर्धा टक्का मॅग्नेशियम, ब्लूममध्ये दीड टक्का. कॅल्शियम एकट्या मायक्रोत ठेवलंय, कारण घट्ट द्रावणात ते फॉस्फेट आणि सल्फेटला भेटलं की पांढरा साका होऊन तळाशी बसतं. तो साका परत विरघळत नाही, म्हणजे तेवढं खत वाया. म्हणून तिन्ही बाटल्यांचा माल एका पेल्यात एकत्र करून मग टाकीत ओतणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. आधी टाकीत पाणी, मग मायक्रो, दोन मिनिटं चांगलं ढवळणं, मग ग्रो, परत ढवळणं, शेवटी ब्लूम. पोटॅशियम सिलिकेट वापरत असाल तर त्याचा नंबर मायक्रोच्याही आधी लागतो.

तक्ता अमेरिकन गॅलनमध्ये आणि टीस्पूनमध्ये आहे. इथे पहिला घोटाळा होतो. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. इंटरनेटवरून चुकीचा गॅलन उचलला की द्रावण सुमारे १७ टक्के पातळ होतं. टीस्पून ५ मिलिचा, आणि स्वयंपाकघरातला चमचा कधीच नेमका ५ मिलिचा नसतो. औषधांच्या दुकानात मिळणारी १० मिलिची सिरिंज घ्या, प्रत्येक बाटलीसाठी वेगळी. एक टीस्पून प्रति गॅलन म्हणजे १.३ मिलि प्रति लिटर, हा एकच आकडा लक्षात ठेवला की सगळा तक्ता आपल्या मापात येतो.

लेबलवरचे टप्पे असे आहेत. रोपांसाठी तिन्ही बाटल्यांचा पाव पाव टीस्पून. साधारण वाढीसाठी तिन्ही एकेक. जोमदार वाढीसाठी ग्रो ३, मायक्रो २, ब्लूम १. फुलोऱ्याकडे वळताना तिन्ही दोन-दोन. फुलं-फळं धरताना ग्रो १, मायक्रो २, ब्लूम ३. याशिवाय कंपनी आठवड्यांवार मोठा तक्ताही देते, त्यात अर्धा डझन पूरक बाटल्या असतात. तो तक्ता एकदाच फुलून संपणाऱ्या झाडाच्या हिशेबाने बेतलेला दिसतो. लेट्युस आणि पालक फुलायच्या आत काढले जातात. टोमॅटो, मिरची, ढोबळी महिनोन्‌महिने एकाच वेळी पानं, फुलं आणि फळं धरतात. त्यांना 'सातवा आठवडा' असा वेगळा नसतो. भाजी पिकवणाऱ्याने हा आठवड्यांचा तक्ता बाजूला ठेवावा आणि लेबलवरच्या पाच ओळींवर काम करावं.

आता या ओळी मोजून बघू. लेबलवरचा स्फुरद हा P₂O₅ च्या रूपात असतो, त्याला ०.४४ ने गुणलं की खरा स्फुरद मिळतो. पालाशाला ०.८३ ने गुणायचं. १-१-१ च्या ओळीत (क्रम ग्रो-मायक्रो-ब्लूम, टीस्पून प्रति गॅलन) प्रति लिटर सुमारे ९० मिग्रॅ नत्र, ३४ स्फुरद, ११९ पालाश, ६५ कॅल्शियम आणि २६ मॅग्नेशियम पडतं. हे टक्के वजनाचे आहेत आणि बाटलीतलं द्रावण पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे दहा-पंधरा टक्के वर धरा. शुद्ध पाण्यात याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत याचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) साधारण १ येते. लेट्युस, बेझिल, पुदिना, कोथिंबीर यांना एवढं पुरतं. पालकाला थोडं वाढवून १.४ ते १.६ पर्यंत न्या.

३-२-१ ची ओळ मात्र लिटरमागे २१० मिग्रॅ नत्र आणि २६४ पालाश देते, ईसी जवळपास २. 'जोमदार वाढ' हे शब्द वाचून लेट्युसला हे दिलं की पानांच्या कडा करपतात. पानं गडद हिरवी आणि कडक होतात, चवीला कडवट लागतात.

फळझाडांसाठीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. १-२-३ हे फळांचं मिश्रण, म्हणून त्यात पालाश जास्त असणार असं सगळे धरून चालतात. हिशेब केला तर पालाश २१९ मिग्रॅ निघतो, म्हणजे ३-२-१ पेक्षा कमी! वाढतो तो स्फुरद: ४६ वरून थेट ९३. टोमॅटोला एवढा स्फुरद लागत नाही, आणि स्फुरद जास्त झाला की लोह आणि जस्त घेण्यात अडथळा येतो. त्यामुळे भरपूर ब्लूम घातलेल्या टोमॅटोची नवी पानं पिवळी पडतात आणि माणूस आणखी खत घालतो. टोमॅटो-मिरचीसाठी आमचा सल्ला: पहिला घोस दिसेपर्यंत ३-२-१, पण दोन-तृतीयांश मात्रेत. त्यानंतर शेवटपर्यंत २-२-२. त्यात १८२ नत्र, ६८ स्फुरद, २३७ पालाश, १३० कॅल्शियम आणि ५२ मॅग्नेशियम येतं. फळभाजीला ही मांडणी १-२-३ पेक्षा चांगली मानवते.

मात्रा ठरवायची तर आधी आपलं पाणी मोजा. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, ईसी बहुधा ०.२ च्या आसपास, त्याला तक्ता बऱ्यापैकी लागू होतो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्याची ईसी ०.८ ते १.२ सहज असते. असं ०.९ चं पाणी घेऊन मीटर १.४ दाखवेपर्यंत खत घातलं, तर खताचा वाटा फक्त ०.५. बाकीचं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट. मीटर भरलेला दिसतो आणि झाड उपाशी राहतं. कंपनीने कठीण पाण्यासाठी मायक्रोचा वेगळा प्रकार काढलाय, पण आपल्याकडे तो सहज मिळत नाही. बोअर आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं मिसळणं हा त्याहून सोपा मार्ग आहे. निव्वळ आरओ वापरलं तर १-१-१ मधलं कॅल्शियम जेमतेम पडतं, त्यामुळे थोडं नळाचं पाणी असलेलंच बरं.

मीटरबद्दलही सावध राहा. स्वस्त टीडीएस पेन ईसी मोजतो आणि तिला एका आकड्याने गुणून पीपीएम दाखवतो. कुठे गुणक ५००, कुठे ७००. ईसी १.४ म्हणजे एका पेनवर ७०० आणि दुसऱ्यावर ९८०. कोणी नुसतं 'लेट्युसला ८०० पीपीएम द्या' म्हणालं तर त्याचा काही अर्थ लागत नाही. ईसी थेट दाखवणारा मीटर घ्या आणि १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात महिन्यातून एकदा तपासा. पीएच पेनचं टोक कोरडं पडू देऊ नका आणि आरओच्या पाण्यातही बुडवून ठेवू नका. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं साठवण द्रावण मिळतं.

वीस लिटरच्या टाकीत लेट्युससाठी असं करा. अठरा लिटर पाणी भरा. मायक्रो २६ मिलि, ढवळा. ग्रो २६ मिलि, ढवळा. ब्लूम २६ मिलि, ढवळा. वीस लिटरपर्यंत पाणी घाला, एअरपंप चालू करून अर्धा तास थांबा आणि मग ईसी बघा. पीएच सगळ्यात शेवटी. फॉस्फोरिक अॅसिडचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालत ५.६ ते ६.० च्या मध्ये आणा. लिंबू किंवा व्हिनेगर चालत नाही, कारण जिवाणू ते खातात आणि दोन दिवसांत पीएच परत वर जातो. बोअरच्या पाण्यात सकाळी ५.८ केलेला पीएच संध्याकाळी ७ वर गेला तर मीटर बिघडलेला नाही, ते बायकार्बोनेटचं काम आहे. असं पाणी आदल्या रात्री अॅसिड घालून, हवा सोडून ठेवा आणि खत सकाळी घाला.

पुढचे दहा दिवस रोज ईसी आणि पीएच हे दोन आकडे लिहा. पाणी कमी झालं आणि ईसी वाढली तर झाड खतापेक्षा पाणी जास्त पितंय, साधं पाणी घाला. पाणी आणि ईसी दोन्ही कमी झाले तर निम्म्या मात्रेचं द्रावण घाला. पीएच हळूहळू वर सरकणं चांगलं लक्षण आहे, मुळं नायट्रेट घेतायत. भर घातलेलं पाणी टाकीच्या क्षमतेइतकं झालं की सगळं द्रावण बदला, कारण ईसी बरोबर दिसली तरी आतलं गुणोत्तर बिघडलेलं असतं. जुनं द्रावण कुंड्यांना घाला.

उन्हाळ्यात कोणताच तक्ता पुरा पडत नाही. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ ऑक्सिजन राहतो, ३० अंशाला साडेसात. त्याच वेळी मुळांची गरज वाढते आणि पिथियम बुरशी जोर धरते. मुळं तपकिरी, चिकट आणि वासाची झाली तर आणखी खत देऊन ती सुधारत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत लेट्युसची ईसी ०.८ वर आणा. टाकीला थर्माकोल आणि वरून पांढरं आवरण द्या, दुपारी गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकीत सोडा. लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपली तर बहुतेक जण कॅल्शियमची बाटली आणतात. द्रावणात कॅल्शियम असतंच, पण हवा खेळती नसल्याने ते आतल्या पानांपर्यंत पोचत नाही. ईसी कमी करा आणि लहान पंखा लावा.

खर्चाचं काय? एका क्वार्टमध्ये, म्हणजे ९४६ मिलिमध्ये, १-१-१ ने सुमारे सव्वासातशे लिटर द्रावण होतं. वीस लिटरची टाकी दर दहा दिवसांनी बदलली तर जवळपास वर्ष निघतं. एवढ्या लहान मांडणीला हा संच घ्यावा. दोनशे लिटरच्या पुढे मात्र आयात केलेलं पाणीच विकत घेतल्यासारखं होतं, आणि तिथे कृषी सेवा केंद्र गाठावं. लिटरमागे कॅल्शियम नायट्रेट ०.६ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ०.३ ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.३५ ग्रॅम. यातून १३२ नत्र, ४५ स्फुरद, १६८ पालाश, ११३ कॅल्शियम आणि ३४ मॅग्नेशियम मिळतं, पालेभाजीला अगदी योग्य. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा. ठिबकवाल्यांचं लाडकं १९:१९:१९ इथे नको, कारण त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि मातीतल्या जिवाणूंशिवाय युरियाचं नायट्रेट होणं अवघड.

या स्वस्त मार्गात अडचण येते ती सूक्ष्म अन्नद्रव्यांची. दुकानात मिळणारं फवारणीचं मिश्रण पानांसाठी बनवलेलं असतं, त्यात लोहाच्या मानाने जस्त आणि तांबं फार. लोह वेगळं घ्यावं लागतं: १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं) लिटरमागे १७ मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला ३.४ ग्रॅम. बोरॉन आणि मॉलिब्डेनम तर याहून कितीतरी कमी, साध्या काट्यावर मोजता न येण्याइतके. मायक्रोच्या बाटलीची खरी किंमत इथे कळते. ती मात्र अंधारात ठेवा, उजेडात चिलेटेड लोह तुटतं.